चौथा गिअरबॉक्स

प्रिय दादा,

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले तर हे तिसरं पेन. पहिली दोन फेकून दिली. कुणाला लिहितेयस म्हणून आईनं विचारलं, मी तुझं नाव घेतलं आणि ती लगबगीनं चष्मा शोधायला गेली. मी कागद उचलले आणि खाली शेडमध्ये आले. लेथवर फळी टाकून लिहितेय. तेलाचे डाग पडतील, चालवून घे.

बसवरची ड्रायव्हरकी सोडून तू त्या गाड्यांच्या कारखान्यात चाचणी-ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज केलायस, हे आईकडून कळलं. तिचा सगळा जीव त्या जागेत अडकलाय. माझाही अडकलाय. पण त्याबद्दल शेवटी लिहीन, कारण आधी मला आपल्या करडीवर, त्या खटारा गाडीवर, मनसोक्त वैतागायचं आहे.

समोरच उभी आहे सटवी. चारही चाकं हवेत, पोट उघडं. भंगारवाले काका तिला चेपायला नेत होते तेव्हाच नेऊ द्यायला हवी होती. कुण्या निवृत्त हेडक्लार्कची चार दारांची गाडी, चोरानंही वळून बघू नये अशी. तू मात्र तिच्याभोवती तीन चकरा मारल्यास आणि म्हणालास, वजनाला हलकी, जोर मागच्या चाकांना, बॉनेटखाली हात घालायला ऐसपैस जागा, आणखी काय पाहिजे? लोक महागड्या गाड्यांना रंग देत बसले होते आणि आपण हिच्यात पार्सलच्या टेम्पोचं इंजिन कोंबलं. सीटं उपटली, गालिचे फाडून काढले, दारांचे आतले पत्रे काढले. पहिल्या फेरीला तू उलट्या क्रेटवर बसलास आणि पहिल्याच वळणावर क्रेटसकट पलीकडच्या दारावर जाऊन आदळलास. मी इतकी हसले की हातातलं घड्याळ दाबायचंच राहिलं.

टेम्पोचं इंजिन आणि करडीचा गिअरबॉक्स यांचं जन्मात जमलं नसतं. याची भोकं वेगळी, त्याचा घेर वेगळा. दोघांना जोडणारी मधली जाड प्लेट मी इथेच बनवली, पाच रविवार घालून. आपली वाटणीच तशी होती, बनवायचं मी आणि पळवायचं तू. बंद धावपट्टीवरच्या त्या शर्यतीत लाल नव्या गाडीला आपण मागे टाकलं, तेव्हा तिचा मालक आपल्या बॉनेटखाली डोकावला आणि बॉनेट स्वतःच हळूच बंद करून परत गेला. आयुष्यात एवढं समाधान मला कशानंच दिलेलं नाही.

आठवड्याभरात गिअरबॉक्स गेला. आतलं बेअरिंग पार भरडून निघालं होतं. दुसरा बसवला, तोही गेला. तिसराही गेला. मधलं काहीतरी वाकडं बसलंय, असं तू एकदाच म्हणालास. त्यावर मी शेडमध्ये सगळ्यांदेखत तुला नाचता येईना अंगण वाकडं म्हणून सुनावलं. माझ्या हातचं काम वाकडं नसतं, तुझा पाय जड आहे, असं म्हणाले. गिअरफोड्या हे नाव मीच ठेवलं आणि ते भंगारबाजारात तोंडोतोंडी झालं. तू आपले पाने तेवढे पिशवीत भरलेस आणि गेलास. मला वाटलं, चूक पटली म्हणून गेलास.

तू गेल्यापासून हिनं मला नुसतं छळलंय. कार्बोरेटर साफ करावा तर वायरिंग जळतं, वायरिंग करावं तर रेडिएटर गळतो. एक नट म्हणून सरळ निघत नाही. तरी चिकाटीनं चौथा गिअरबॉक्स मिळवला, बसवला आणि या वेळी स्वतः चालवायला बसले. काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं न्यावं तशी चालवली रे. एकदाही दामटली नाही. गेल्या रविवारी, साध्या सपाट रस्त्यावर, तोच आवाज आला. दोष द्यायला गाडीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

प्लेट उतरवली आणि मोजली. मध्य सरकलाय, अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्तच. तेवढ्यानंही बेअरिंग भरडून निघतं. पण खरं सांगायचं तर मोजायची गरज नव्हती. बोल्ट फक्त आवळतात, इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत धरतात त्या दोन पिना. शर्यतीच्या आदल्या दिवशी पिना घातल्या तर प्लेट बसेना, कारण त्यांची भोकंच मी चुकीच्या जागी पाडली होती. नवी बनवायला वेळ नव्हता. मी पिना काढून टाकल्या, बोल्ट करकचून आवळले आणि तुला सांगितलं नाही. शर्यत जिंकलो आणि मी ते विसरून गेले. विसरले कसली, विसरायचं ठरवलं. आणि याहूनही वाईट आहे, दादा. तीन आठवड्यांपूर्वी कारखान्यातून मला फोन आला होता. तुझ्या कामाची खात्री कोण देईल, या रकान्यात तू माझं नाव लिहिलं होतंस. गाडी कशी हाताळतो, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणाले, हात चांगला आहे, पण गिअरबॉक्स फोडतो. आज सकाळी ती प्लेट पिशवीत घालून तिथल्या साहेबांकडे गेले. त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, निवडीची पत्रं कालच रवाना झाली, आता बघू. पत्रात काय आहे ते सांगितलं नाही. ते तुझ्या हातात पडायच्या आत हे पडावं म्हणून लिहितेय. नकार आला तर तो माझ्यामुळे आलाय, तुझ्या पायात काही खोट नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही. पोस्टमनची चाहूल लागली की तुझ्या नोकरीची बातमी आली असेल म्हणून ती आधी हात पुसते आणि मग दार उघडते.

तुझीच,
धाकटी