चुंबक लावल्यावर सरकणारी रेघ

३ मार्च, सोमवार

वर्णपटातली रेघ आजही सरकली! चुंबक चालू केला की स्फटिकाचा उजेड किंचित लालकडे जातो, बंद केला की परत जागेवर.

लेसर पडला की इलेक्ट्रॉन उठतो, मागे रिकामी जागा राहते, आणि दोघं एकमेकांना धरून राहतात — तो एक्सायटॉन. ती जोडी मिटली की उजेड निघतो. शेजारच्या थरांच्या चुंबकी दिशा उलट असल्या तर जोडी आपल्याच थरात कोंडलेली. बाहेरून चुंबक लावला की सगळे थर एका दिशेला, वाट मोकळी, रंग वेगळा. आईला सांगितलं तर म्हणाली, जावाजावांचा अबोला सुटल्यासारखं. बरोबरच आहे की!

दादाचा सगळा प्रबंध या रेघेवर उभा आहे. (आमच्यातला सर्वांत जुना विद्यार्थी, म्हणून अख्खी लॅब त्याला दादा म्हणते.) शुक्रवारी त्याची तोंडी परीक्षा. मोजमापं माझी.

४ मार्च

चुंबक चालू होताना लेसरचा ठिपका केसभर हलतो. की माझेच डोळे? चुंबकाने स्फटिकाचा स्टँड ओढला जात असेल तर ठिपका स्फटिकाच्या जाड भागावर जाणार — आणि तिथला रंग मुळातच वेगळा. दादाला म्हटलं. तो हसला. म्हणे, तू आरशात बघूनही पुरावा मागशील.

५ मार्च

जेवण गेलं नाही. मी घरीच शिकले, आईजवळ, ओट्याशेजारी. उत्तरावर तिने कधी बरोबरची खूण केली नाही. फक्त विचारायची, कशावरून? आज फोनवर ठिपक्याचं सांगितलं. म्हणाली, आधी जेव, कशावरून ते मग बघू.

६ मार्च

उपाय साधा होता. स्फटिक अतिथंड असतो म्हणून थरांना दिशा असते. गरम केला की ती शिस्त मोडते. मग चुंबक लावून रेघ अशी सरकायला नको.

गरम केला. चुंबक लावला. सरकली — तितकीच! पुन्हा केलं. तेच.

म्हणजे स्टँड हलतोय. स्फटिक बिचारा जागच्या जागी.

दादाला आलेख दाखवला. चिकटपट्टीने स्फटिकाचे थर सोलायला मला यानेच शिकवलं. वहिनी बाळाला घेऊन नव्या घरी पुढे गेली आहे, त्याची नोकरी पदवीवाचून अडली आहे. यातलं तो काहीच बोलला नाही. एवढंच म्हणाला, "सरांना सोमवारी सांगू या?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी विचारलं, स्फटिक गरम करून पाहिलात का? दादा म्हणाला, मोजमापं हिची आहेत. सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हणाले, "पाहिलाय मॅडम. गरम केल्यावर रेघ सरकत नाही."