देव्हाऱ्यातला कामठा

४ ऑक्टो. शनिवार
आधी चांगुणाच आली. तिचा भाऊ बुधा मागं राहिला, कोपऱ्यावर रिक्षावाल्याशी हुज्जत घालत. पहिल्यापासून तसाच तो, फुकट भांडण मिळालं तर सोडत नाही. चांगुणानं सुपांचा भारा ओट्यावर टेकवला न म्हणाली, वैनी पाणी दे, बाजारात जायचंय. मामंजींच्या तेराव्याला आलेली, त्यानंतर आज. दात गेलेत, पण कानातल्या बुगड्या त्याच. डोंगरातली ठाकरं ती, त्यांचा बाप न आमचे मामंजी म्हणजे जिवाचे दोस्त. तो भात आणायचा, हे ज्वारी द्यायचे. ज्वारीच्या त्या रानात आता कंपनीचं पार्किंग आहे. असो.

गुडघ्याचं बोललो, सुनांचं बोललो. तिची सून भाकरी थापत नाही म्हणे, मशीन मागते. चहाला बसली तर नजर देव्हाऱ्याकडं. कप खाली ठेवला.
"बुधा, आरं हिकडं ये. बाचा कामठा बघ."

कामठा म्हणजे धनुष्य, बांबूचं. त्यांच्या बापानं मामंजींना करून दिलेलं, मासे मारायला. मामंजी गेले तसं ते देव्हाऱ्याच्या वर खुंटीला. दसऱ्याची झेंडूची माळ अजून त्यावर.

बुधा आला, बघितलं, म्हणाला, "दोरी कवा उतरवली व्हती?"
म्हटलं, "उतरवायची कशाला? देव हाय त्यो."
"बारमाही चढलेला?"
"व्हय. दर दसऱ्याला हळद-कुंकू, तेलाचं बोट, माळ."
त्यानं कपाळाला हात लावला. "वैनी, बैल रातदिस जुवाला जुंपून ठिवल्यावाणी केलं तुम्ही. वर आनि त्यालाच ओवाळलं."

मला काय माहीत बाई. दोरी चढवलेला छान दिसायचा, रामाच्या फोटोतल्यासारखा. दर वर्षी मीच पुसायची. ओढून मात्र कधी बघितला नाही. बायकांनी कामठा ओढायचा नाही असं मामंजींचं.

बुधानं माळ काढली, कामठा गुडघ्यावर टेकवून वाकवला न दोरी सरकवली. कामठा हळूहळू उघडला. अगदी हळू. न बारीकसा आवाज झाला, ओझं उतरवल्यावर माणूस करतं तसा. एवढी वर्षं माझ्या घरात जिवंत काहीतरी होतं न मी त्याला फुलं वाहत होते.

मग बुधा म्हणाला, आता हा नेतो. त्याचा बाप सांगून गेलाय, ज्या घरात कामठा मारत नाही तिथून परत आणायचा. बापाच्या हातचा हा एकच उरलाय. खोटं नव्हतं त्याचं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मी मारते की."
आत वैशालीला ठसका लागला. माझी सून. हसू दाबलं की ठसका लागतो तिला. बुधा तर उघडच हसला. चांगुणा हसली नाही.
"मार. आमच्या डोळ्यांदेखत एक मासा मार. मग कामठा तुझ्याच घरी, न्हाईतर आमी नेणार. बोल."
बोलले.
दिवाळी, भातकापणी, झोडणी झाली की यायचं ठरलं, तेही शनिवारी, बाजाराच्या दिवशी. नातीनं, तेजूनं, मोबाईलवर बघून तारीख सांगितली. १५ नोव्हें.

५ ऑक्टो. रवि.
बुधा गेला, चांगुणाला ठेवून घेतलं. दोघी खाणीवर. आमचीच खाण, अर्ध्या गावाची जोती तिच्या दगडावर उभी आहेत. आता पाणी भरलंय, हिरवंगार, खोल. एका अंगाला कंपनीची भिंत. चिलापी मासा मायंदाळ.

बराच वेळ चांगुणानं काहीच केलं नाही. दगडावर उकिडवी बसली. मी बोलत होते (मला राहवत नाही), तर म्हणाली, तुझी सावली बोलती तेवढी पुरे, ती आधी मागं घे. मागं घेतली.
मग उठली, ओढला, सोडला. मला फक्त पाणी फुटलेलं दिसलं. तिराला बांधलेली सुतळी ओढली तर टोकाला चिलापी, तळहाताएवढी, फडफडती! आणि तिचे हात माझ्यापेक्षा वाळलेले.
म्हटलं, "मासा तर तिकडं व्हता, तू अलीकडं मारलंस."
"दिसतो तिथं नसतो. खाली असतो. दिसतो त्याच्या पोटाखाली मारायचं."
घरी आल्यावर हंड्यात पळा बुडवून बघितला. मोडल्यासारखा दिसतो. जन्मभर बघितलंय, कधी ध्यानात घेतलं नाही.

६ ऑक्टो. सोम.
आज मासा नाही, सोमवार. चांगुणानं अंगणातच ओढायला शिकवलं. दोरी हलेना. ती म्हणाली, "इहिरीचं पाणी शेंदल्यावाणी वढ. हातानं नगं, पाठीनं." आणि आला की! पूर्ण नाही, निम्मा. पण पाठीला आठवलं. नळ आल्यापासून ती पाठ कुणी विचारली नव्हती.

जाताना बजावून गेली. मारून झालं की दोरी उतरव. आडवा ठेव. करंजाचं तेल, उन्हात नाही. कामठ्याबरोबरचे तीर दोनच उरलेत, बोरूचे, पुढं लोखंडी पातं न उलटा काटा. पिसं नाहीत. म्हटलं झडली वाटतं. तर म्हणाली, माशाच्या तिराला पिसं नसतातच, पाण्यात काय उडायचंय.

पाती गंजलेली. सुनेनं, वै.नं, पाट्यावर घासून दिली. तोंडानं "आत्या, हे काय वय हाय का" चालू, हातानं घासणं चालू.

११ ऑक्टो. शनि.
दोरी एकटीनं चढवली. तीनदा निसटली, एकदा कानशिलावर बसली. कान अजून गरम. वै.ला सांगितलं नाही, पदर घेतला.
भुश्याचं पोतं बांधून त्यावर मारते. पोत्याला लागलं! शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यालाही लागलं. शेजारीण म्हणाली, "काय वो, ह्या वयात कुणावर राग?"

१४ ऑक्टो. मंगळ.
खाणीवर. पाच-सहा वेळा मारला, एकही नाही. मासे पळतसुद्धा नाहीत, जरा बाजूला सरकून थांबतात. चेष्टा करतात मेले.
पण बसून बसून काय काय दिसतं! मी या खाणीवर धुणं धुतलंय, तरी चिलापी तळाशी पिठाच्या परातीसारखं गोल घर करते हे कधी बघितलं नव्हतं. त्यात मध्ये उभी राहते, पंख हलवत, दुसऱ्याला येऊ देत नाही. अगदी आमच्या नळावरच्या बायका.
खंड्या पक्षी येतो. भिंतीवरच्या तारेवर बसतो, टपकन खाली, मासा घेऊन वर. त्याला कुणी सांगितलं खाली मारायचं?

२३ ऑक्टो. भाऊबीज
घर भरलेलं. भाऊ म्हणाला, ताई, कामठा घेऊन कुणाच्या मागं लागतेस, पोलीस धरतील. म्हटलं, आमच्याच खाणीतला मासा, कोण धरतंय. मग त्यानंच ओढून बघितला. त्याला आला नाही! जिमला जाणारा त्याचा मुलगा उठला, त्याला आला, पण सोडताना दोरी मनगटावर बसली. दोघं जेवायला बसले. मी बासुंदी जास्त वाढली.

२९ ऑक्टो. बुध.
एक तीर गेला. सुतळी कुजकी होती, माझीच चूक, बदलायला पाहिजे होती. पाण्यात जाताना दिसला, मग दिसेना. खाणीनं ठेवून घेतला. आता एकच. चांगुणाच्या बापाच्या हातचा. हात लावायलासुद्धा भीती वाटते.
तेजूनं नायलॉनची दोरी आणली, गाठ तिनंच मारली. म्हणाली, आज्जी, मी नवीन कामठा आणून देते, फायबरचा, परदेशी. म्हटलं, नको. तो माझ्या मामंजींना ओळखत नाही.

५ नोव्हें. बुध.
सोमवार, गुरुवार, एकादशी सोडून उरतं काय. त्यात शुक्रवारी पाऊस, काल पाहुणे. दहा दिवस राहिले. कामठा आता पूर्ण ओढला जातो, पण मासा लागत नाही. वै. म्हणाली, "आत्या, नेला तर नेला, खुंटी मोकळी व्हईल." मग माझं तोंड बघून म्हणाली, मी येते उद्या बरोबर. म्हटलं, उद्या गुरुवार.

९ नोव्हें. रवि.
आज मरळ दिसली. हातभर! वर तांबडा ढग तरंगत होता, बघते तर पिल्लं, बारीक, लाल, शेकड्यांनी, सगळी एकदम वर येऊन तोंड मारतात न एकदम खाली. न त्या ढगाच्या खाली ती, काळी, गप्प. ढग सरकला की ती सरकते. माझ्याकडं बघत होती. खरंच.
एवढी मोठी, एवढी जवळ. ओढलासुद्धा. मग सैल केला. चांगुणा म्हणाली असती, पिल्लावरची मरळ मारायची नाही. सांगितलं नव्हतं तिनं, पण म्हणाली असती. मीही पोरं वाढवलीत.
घरी मी न बोलता बसलेली बघून वै.नं अंगाला हात लावून ताप बघितला.

१२ नोव्हें. बुध.
मारला! मारला! मारला!
ऊन कलंडलं होतं. कंपनीची शिफ्ट सुटत होती, गाड्यांचा नुसता गोंगाट. मी दगडावर उकिडवी. सावली मागं. कडेला कपारीत एक चिलापी आली, ती घरवाली नव्हे, दुसरी, भटकी. काही ठरवलं नाही मी. पाठीनं ओढलं. गोंगाट ऐकू येईना. पोटाखाली बघितलं. सोडला कधी ते माहीत नाही, बोटांनी सोडला.
तिराची दोरी हिसकली. माझ्या हातात! दुसऱ्या टोकाला जीव! तो हिसका मनगटातून थेट छातीत. बाळ पोटात पहिल्यांदा हलतं तेव्हा असं झालं होतं, त्यानंतर आज. आणि त्याच वेळी वाईटही वाटलं, बिचारी. दोन्ही एकदम.
पदरात गुंडाळून आणली. दोरी उतरवली, कामठा आडवा ठेवला, मग वै.ला हाक मारली. तिनं बघितलं न बोटानं दाबून खात्री केली. "आत्या, खरंच?" मग तिनंच साफ केली. ओलं खोबरं, लसूण, हिरवी मिरची. तिघींनी एक मासा खाल्ला, काटेसुद्धा चोखले. डोकं मांजरीला दिलं. तिचाही वाटा.

रात्री
तेजू कॅलेंडरवर दूधवाल्याचं लिहायला गेली, तिथूनच म्हणाली, "आज्जी, शनिवारी आळंदीची एकादशी आहे."
मी म्हटलं असू दे. मग कळलं.
शनिवारी बुधा न चांगुणा येणार. त्यांच्या डोळ्यांदेखत मासा मारायचा. आणि एकादशीला मी जिवाला हात लावत नाही, मामंजींच्या वेळेपासून या घरात कुणी लावला नाही. बाजाराचा वार बघितला, तिथी कुणीच बघितली नाही! चांगुणाला काय, त्यांच्यात एकादशी धरत नाहीत. पण मी? माझ्या घरात माझंच ध्यान नाही.
आणि मारलेला मासा खाऊन टाकला. डोकंसुद्धा मांजरीला.

१४ नोव्हें. शुक्र.
तेजू म्हणते, आधी सांगायचं ना, मी व्हिडिओ काढला असता. वै. म्हणते, आमी साक्षीदार की, आमी खाल्लाय! म्हटलं, सुनेची साक्ष बुधा मानेल होय. शिवाय शब्द डोळ्यांदेखतचा. आज पुन्हा खाणीवर गेले, सराव म्हणून. एक हुकला, दुसरा मारलाच नाही. बघत बसले. मरळीचा तांबडा ढग मोठा झालाय, पिल्लं काळपट पडायला लागलीत. ती अजून खाली तशीच.
एकदा मनात आलं, एकादशी मोडली तर कोण बघतंय. मग म्हटलं, ज्यानं खंड्याला शिकवलं तो बघतोय.
चांगुणाकडं फोन आहे, पण डोंगरात लागत नाही. लागला तरी काय सांगू, येऊ नका?
मग वै.च म्हणाली. भाजी निवडता निवडता, अगदी सहज. "आत्या, ठेवून घ्या की त्यांना. उद्या मुक्काम, परवा रविवार. बारशीला सकाळी उपास सुटला की मोकळं."
एवढं साधं. पाहुण्याला एक रात्र ठेवून घ्यायचं! चांगुणा राहील. बुधाचं सांगता येत नाही, त्याला शेवटची गाडी गाठायची घाई असते, आणि एकादशीचं सांगितलं तर म्हणेल, वैनी, निमित्त बरं सापडलं.

१५ नोव्हें. शनि. एकादशी
पहाटेपासून रस्त्यावर टाळ. आळंदीकडं गर्दी, वाहनं अडवलीत म्हणे. डोंगरातून यायचं म्हणजे त्यांना उशीरच.
अंथरुणं उन्हात टाकलीत, दोन. माझ्यासाठी वरीचा भात, त्यांच्यासाठी भाकरी, पिठलं, ठेचा. बुधाला ठेचा आवडतो, मामंजींबरोबर बसून खायचा, डोळ्यांत पाणी येईतोवर. वै.नं मुद्दाम तिखट केलाय. म्हणते, पाणी प्यायला तरी बसतील.
देव्हाऱ्यावरची खुंटी रिकामी आहे. कामठा खाली पाटावर, आडवा, दोरी शेजारी गुंडाळलेली. आज माळ नाही, कुंकू नाही. करंजाच्या तेलाचा हात तेवढा फिरवला. आता तो पूर्वीपेक्षा सरळ होतो, का मलाच तसं वाटतं.
मघाशी कोपऱ्यावर रिक्षावाल्याशी कुणीतरी मोठ्यानं भांडत होतं. मी पेन ठेवून दारात गेले. बुधा नव्हता.
आज येतो म्हणालेत. राहिले तर दोरी उद्या चढवीन.