बोरमाळची खेप

८ डिसेंबर १९७२

गुडघ्याने! हे स्टेअरिंग गुडघ्याने धरतात!

नगरला शिक्षकांची मीटिंग होती. येताना म्हटलं, एसटीची वाट बघत उन्हात कुठे उभी राहू, भिंगारजवळच्या विहिरीवर ह्यांचा टँकर भरतो, त्यातूनच पिंपरखड्याला परत जावं. चांगली हौस भागली. रस्त्याला लागल्यावर ह्यांनी मांडीवर फडकं सोडलं. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात कांदा, आणि पाण्याने भरलेलं ते धूड गुडघ्यावर चाललंय! वर तोंड माझ्याकडे — मीटिंगला कोण आलं होतं, साहेब काय म्हणाले. समोरून बैलगाडी आली तेव्हा मी किंचाळले. हे हसले. म्हणे, दिसलीय मला. बैलगाडीवाला बिचारा बैलांसकट खाली चारीत उतरला, म्हणून वाचलो. ह्यांना दिसली म्हणून नव्हे.

घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. मग उघडलं ते जेवण होईपर्यंत मिटलं नाही.

१० डिसेंबर

पुन्हा सांगितलं. "बरं," म्हणाले. ह्यांचं बरं म्हणजे नाही.

१७ डिसेंबर

रविवार. आज न चिडता बोलायचं ठरवलं होतं, आणि बोलले. ह्यांनीही नीट ऐकून घेतलं. मग उलट मलाच शिकवलं. गावं चार, टँकर एक. आपला पिंपरखडा तिसरा, बोरमाळ शेवटचं, वर माळावर. विहिरीवरची मोटार सकाळी चालते, दुपारी लाईट जाते ती कधी येईल देव जाणे. दिवस मावळला की विहिरीचा मालक मोटारीला हात लावू देत नाही. जो वेळ तिथे बसून जातो तो रस्त्यावर भरून काढायचा.

"सावकाश चालवलं तर बोरमाळची खेप बुडते. कुणाला तहानलेलं ठेवू ते तूच सांग, हन्ना."

आता लिहिताना उत्तर सुचतंय — मग येताना रिकामी गाडी तरी सावकाश आणा ना! तीही तशीच हाकता. एक पाय सीटवर मुडपून, डोकं खिडकीबाहेर, रस्त्यावर दिसेल त्याला हाक मारत. भिंगारला मिलिटरीच्या गाड्यांवर होते तेव्हा हा माणूस असा नव्हता. आता चटक लागलीय. पाणी हे निमित्त झालं.

२५ डिसेंबर

नाताळ. भिंगारला चर्चला एकटीच गेले. टँकरला सुट्टी नाही म्हणाले. तहानेला नाताळ कळत नाही हे मलाही कळतं. पण शेजारी जागा रिकामी ठेवून मी प्रार्थना काय केली, तर ह्यांचे हात चाकावर राहू देत! लोक पापांची क्षमा मागत होते.

संध्याकाळी शेजारची बनुबाई करंज्या घ्यायला आली. दिवसभर तिचा नवरा भीमा आणि ती दोघं दुष्काळी कामावर खडी फोडतात, पण टँकरची वेळ झाली की ही घमेलं टाकून पळते. मुकादम ओरडत राहतो. गाडी विमानासारखी उडवतात म्हणून ह्यांना ती 'इमानवाला' म्हणते आणि हे फुगतात. बरं नाही हे.

९ जानेवारी १९७३

आज शाळेच्या खिडकीतून पाहिलं. वळणावरून टँकर दिसला की बायका हंडे-कळश्या घेऊन सुटतात. टँकर पाणी विहिरीत ओततो. जी आधी दोर टाकेल तिला नितळ पाणी मिळतं, मागच्यांच्या वाट्याला गाळ. म्हणून सगळ्या टँकरच्या बरोबरीने धावतात, चाकांना चिकटून. पोरी मागच्या शिडीला लोंबकळतात. हे थांबत नाहीत. हॉर्नवर हात ठेवून तसेच विहिरीपर्यंत! बनुबाई सगळ्यांच्या पुढे. लुगडं वर खोचलेलं, दात दिसताहेत, हसतेय. तिला गंमत वाटते की काय!

मुलांना पाढे म्हणायला लावले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

२२ जानेवारी

तहसील कचेरीत जाऊन आले. दुसरा टँकर मागायला. ह्यांना सांगितलं नाही.

क्लार्कने कागद बघितला आणि हसला. म्हणाला, बाई, तुमचे मिस्टर एका गाडीत चार गावं करतात, इतरांना आम्ही त्यांचंच उदाहरण देतो. चार गावांत ओरड नाही, मग दुसरा टँकर कशाला? मी म्हटलं, ते कसे चालवतात ते तुम्हाला ठाऊक आहे का? तर म्हणे, कसे का चालवेनात, पाणी पोचतंय ना.

म्हणजे हे जीव धोक्यात घालून धावतात म्हणून गाडी कमी पडत नाही. आणि गाडी कमी पडत नाही म्हणून ह्यांनी धावायचं. रस्ताभर मला रडू येत होतं. रागाचं.

१४ फेब्रुवारी

डुलकी लागली म्हणे. गाडी सरळ एका वावरात गेली. पीक नव्हतंच, त्यामुळे कोणाचं काही गेलं नाही. हे जेवताना हसून सांगत होते — जाग आली तेव्हा समोर एक बुजगावणं उभं! मी ताट सारलं आणि उठले. मागून म्हणाले, "अगं, झालं काय?" काय झालं म्हणजे!

१५ फेब्रुवारी

अबोला.

१८ फेब्रुवारी

अबोला सोडला. माझ्या अबोल्याने गाडी हळू होत नाही.

११ मार्च

ह्यांच्या चाकाखाली आज वळणावर शेळी आली. गाभण होती. हे बिडी पेटवत होते, दोन्ही हात काडीला. घरी आल्यावर स्वतःच सांगितलं, मान खाली घालून. मनात आलं, झालं ते बरंच झालं, आता तरी धडा मिळाला.

कसला धडा! शेळीचा मालक दारात आला तो भांडायला नव्हे. शेळीचं मनावर घेऊ नका दादा, म्हणाला, उद्या खेप चुकवू नका म्हणजे झालं. चहा पिऊन गेला. तो वळला तेव्हा ह्यांची मान वर आली.

ह्यांना रागवेल असं माणूस मला पाहिजे. एक जरी. फौजदार, सरपंच, कोणीही. ह्या चार गावांत ह्यांच्यावर रागावण्याची ऐपत कुणाची उरलेली नाही. मी एकटी ओरडते, आणि मी तर बायको.

२ एप्रिल

बनुबाईला बसवून सांगितलं, बाई गं, चाकाजवळून पळू नकोस. ती म्हणाली, "मंग तुमीच पळा माज्याऐवजी." खूप हसली. मग म्हणाली, घरात सासरा आजारी हाय, त्याला गाळ चालत न्हाई.

१७ एप्रिल

बनुबाई गेली.

१९ एप्रिल

लिहायलाच पाहिजे. कोणाला सांगू?

ह्यांनी मला सगळं सांगितलं, आणि मला एकटीलाच. वळण संपलं. मागच्या शिडीला पोरी लोंबकळत होत्या. त्या पडतील म्हणून ह्यांनी डोकं बाहेर काढलं, मागे वळून ओरडले, "उतरा गं!" तेवढाच वेळ. बनुबाई पुढे होती, ती विहिरीकडे जायला आडवी आली. ब्रेक मारला, पण भरलेली गाडी — आतलं पाणी पुढे धावतं आणि गाडीला ढकलतं. थांबली ती पलीकडे जाऊन.

आणि मग? मग बायकांनी आधी तिला बाजूला घेतलं, तोंडावर लुगडं टाकलं, आणि विहिरीत दोर सोडले. कुणी एक हुंदका देत होती आणि ओढत होती. मी शाळेतून धावत गेले तेव्हा हे गाडीच्या पायरीवर बसले होते, विहिरीवर रहाट वाजत होता. मी ओरडले, "बायांनो, थांबा!" कोणी थांबलं नाही. मला त्यांचा राग येत नाही. येत नाही हेच मला सहन होत नाहीये.

२० एप्रिल

गुड फ्रायडे. चर्चला गेलो नाही.

फौजदार काल पंचनामा करून गेले. सगळ्या गावाने एकच सांगितलं — बाई पळताना पाय घसरून पडली, ड्रायव्हरचा दोष नाही. भीमानेसुद्धा! तो तर तिथे नव्हताच, खडीवर होता. हे मध्ये बोलायला उठले तर सरपंचाने खांद्यावर हात दाबून खाली बसवलं.

आणि मी? मी दाराच्या आत उभी होते. मला खरं ठाऊक होतं. माझ्या नवऱ्यावर कोणीतरी रागवावं म्हणून तडफडत होते ना मी? फौजदार दारात होते. मी त्यांना पाणी नेऊन दिलं.

२२ एप्रिल

ईस्टर. हे उठत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. टँकर दारात उभा आहे, पाच दिवस झाले. चार गावं कोरडी.

संध्याकाळी भीमा आला. मनात म्हटलं, आता काय होईल ते होवो, ह्यांना दोन शिव्या देईल, मारेल. मला ते हवंही होतं. तो उंबऱ्याच्या बाहेरच बसला. दाढी वाढलेली. ह्यांच्याकडे बघितलंच नाही, माझ्याशी बोलला.

"बाई, दादाला म्हना, उद्या गाडी काडा. मानसं तानलीत."

मी म्हटलं, "भीमा, तुझी बायको गेली रे."

"व्हय," म्हणाला. "म्हतारं घरात हाय. त्ये बी जाईल."

२४ एप्रिल

गाडी काढली. पण कशी! दोन्ही हात चाकावर, नजर समोर, कुणाशी बोलणं नाही. वळणाआधी गाडी थांबवतात, खाली उतरतात, पुढे चालत जाऊन बघतात, बायकांना बाजूला करतात, परत येऊन गाडी आणतात. भाकरी तशीच परत येते. इतके महिने मी हेच मागत होते.

२५ एप्रिल

बोरमाळची खेप बुडाली.

२८ एप्रिल

आजही. ह्या आठवड्यात बोरमाळला एकदाच पाणी गेलं. ह्यांना म्हटलं, थोडं तरी... पुढचे शब्द गिळले. हे म्हणाले, "जोर केला की ती दिसते."

पुन्हा कचेरीत गेले. तोच क्लार्क. बनुबाईचं त्याला कळलं होतं, वाईट वाटलं म्हणाला. दुसऱ्या टँकरचं काय? कागद वर पाठवतो म्हणाला, महिना-दीड महिना तरी लागेल. मग पेन खाली ठेवून खरंच न कळल्यासारखं विचारलं, "पण बाई, आधी तर जमत होतं ना?"

३ मे

बोरमाळची छबूबाई उन्हातून चालत आली. कडेवर लेक, वर्षाची असेल. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. टँकर येत नाही म्हणून माळाखाली झिरा खणलाय, त्यात पाझरलेलं गढूळ पाणी पाजलं. तेव्हापासून पोरीला जुलाब. मी साखर-मिठाचं पाणी केलं, चमच्याने पाजत बसले. पोर गिळत होती आणि ओकत होती. नगरच्या दवाखान्यात ने म्हटलं, एसटीत बसवून दिलं.

जाताना छबूबाई ह्यांच्या गाडीकडे बघत उभी राहिली. शिव्या नाही, रडणं नाही. मला एवढंच विचारलं — दादा आजारी हायेत का?

५ मे

छबूबाईची पोर नगरला पोचली नाही. एसटीतच गेली. बोरमाळला अजून तीन लेकरं तशीच जुलाबाने पडलीत.

ह्यांना सांगितलं नाही. पण कुणीतरी सांगितलं असणार, कारण आज चहासुद्धा घेतला नाही. आमच्या दोघांमध्ये आता बनुबाई आणि ती पोर, दोघी बसलेल्या असतात. कोणाकडे बघून बोलायचं? देवाशी बोलायला गेले तर तोही क्लार्कसारखाच, कागद वर पाठवतो म्हणतो.

६ मे

सकाळी हे निघाले तेव्हा मी गाडीजवळ गेले आणि खिडकीच्या पत्र्यावर हात ठेवून म्हटलं, "आज जोरात न्या."

ह्यांनी किल्लीवरचा हात काढला. मग म्हणाले, "आणि कोणी आडवं आलं तर?"

मी म्हटलं, "बोरमाळला पाणी पोचलं पाहिजे."

दारात उभी राहून ऐकत होते. वळणावर गाडी हळू झाली नाही.