सासऱ्यांचं पोटॅशियम

३ सप्टेंबर
काल ऑफिसचा जिना चढताना धाप लागली. साहेब मागून आले आणि पुढे निघून गेले. साहेब माझ्याहून वयाने मोठे आहेत. आजपासून बिस्किटं, वेफर्स बंद. भूक लागली की केळं. लेख वाचला: पोटॅशियम, फायबर, बी-सिक्स, ब्लडप्रेशर काबूत, पोट साफ, मूड चांगला. एवढं सगळं एका सालीत मिळत असताना लोक जिमला का जातात, कळत नाही.

५ सप्टेंबर
बिस्किटं बंदच. केळ्याबरोबर दोन खाल्ली, ती धरत नाही.
सासरे आमच्याकडे राहायला आलेत. किडन्या कमजोर, पथ्य कडक. बायकोने मला समोर बसवून सांगितलं की बाबांना केळं अजिबात द्यायचं नाही, त्यात पोटॅशियम असतं आणि... पुढे माझं लक्ष नव्हतं. टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात इतकी वर्षं काढलीत, अर्धं ऐकलं तरी माणसाला काय म्हणायचंय ते मला कळतं. ती सकाळी शाळेत शिकवायला जाते, माझी पाळी दुपारची. म्हणजे सकाळभर बाबा माझ्या ताब्यात.

९ सप्टेंबर
बाबांच्या ताटाकडे बघवत नाही. भाज्यासुद्धा उकळून, पाणी ओतून टाकून. मी केळं सोलत होतो तर त्यांनी मान वळवली. म्हणाले, जावईबापू, वास छान येतोय. अर्धं दिलं. अर्ध्याने काय होतंय. डोळे मिटून खाल्लं त्यांनी. या घरात माझ्या हातून इतकं समाधान आजवर कुणालाच मिळालेलं नाही.

१४ सप्टेंबर
आता रोज एक, बायको गेल्यावर. बाबांनी विचारलं, पोरीला विचारलंत ना? मी म्हटलं, हो. मनातल्या मनात विचारलं होतं.
ऑफिसात साहेबांनी आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितलंय. विषय ठरवला: केळं, एक संपूर्ण आहार. माझं वजन मात्र वाढलेलं दिसतंय. काटा जुना आहे.

२० सप्टेंबर
बाबा म्हणतात, पाय जड झालेत, उठताना जोर लागतो. उघड आहे, पोटॅशियम कमी पडतंय. आजपासून दोन केळी, शिवाय मिल्कशेक. बाबांची केस भाषणातही घेता येईल.

२३ सप्टेंबर, संध्याकाळ
भाषण ऐन रंगात आलं होतं. डॉक्टरांना पथ्य कळतं, आहार कळत नाही, या वाक्याला हशा मिळाला. तेवढ्यात बायकोचा फोन. शाळेतून आली तर बाबा बाथरूमच्या दारात पडलेले. पायांत ताकदच नव्हती.
हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात पोटॅशियम इतकं वाढलंय की हृदयाचे ठोके बिघडलेत, कमजोर किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. बायकोचं मी न ऐकलेलं वाक्य हेच असावं.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी भिंतीवरचा ‘हात कसे धुवावेत’ हा तक्ता वाचत उभा राहिलो. बाबा म्हणाले, केळी. मीच खाल्ली, चोरून.
बायकोने त्यांना फैलावर घेतलं. नाकात नळी असलेला माणूस खाली मान घालून ऐकत होता. शेवटी मी तिला म्हणालो, जाऊ दे, वयच तसं असतं.
असं मी म्हणालो. लिहिलं खरं, पण वाचवत नाही.

२४ सप्टेंबर
आज तिला सांगणार होतो. ती फार थकलेली होती.

२६ सप्टेंबर
बाबा धोक्याबाहेर. आज सांगणार होतो, पण कितीतरी दिवसांनी ती हसली, मग राहू दिलं. बाबांजवळ एकटाच होतो तेव्हा माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी विचारलं, भाषण कसं झालं? मी म्हटलं, बरं झालं.
केळी सोडली. घशाखाली उतरत नाहीत. बिस्किटं उतरतात.

३० सप्टेंबर
बाबा घरी आले. मन घट्ट करून स्वयंपाकघरात गेलो. एकदम अंगावर नको म्हणून पोटॅशियमच्या फायद्यांपासून सुरुवात केली. तिने गॅस बंद केला. म्हणाली, बाबांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं मला. म्हणाले, जावईबापूंना काही बोलू नकोस, ते आपणहून सांगतील. रोज वाट बघत होते मी.
ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गॅस पुन्हा पेटवला. पाठमोरीच म्हणाली, उद्यापासून सकाळी शेजारच्या काकू बाबांजवळ येऊन बसणार आहेत.
मी म्हटलं, त्यांना कशाला त्रास? सकाळी मी असतोच की घरी.
म्हणाली, म्हणूनच.