दोघींचा मिळून एक कोयता

ती. कौशल्यामावशीस,

मनिषाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? थंडी पडायला लागली आहे, तेव्हा बीडमध्येच उबेत राहा, माझ्याकडे यायची दगदग मुळीच करू नकोस. मी मजेत आहे. खोली हवेशीर आहे (दाराची एक फळी निघाली आहे) आणि जेवणाचं म्हणशील तर त्याविषयी खाली लिहीनच.

चकलांब्याच्या पुढच्या वाडीवर मला सातवीचा वर्ग मिळाला आहे. सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. चाळीस मुलं, त्यातल्या निम्म्यांचं इंग्रजी अजून वाटेत आहे, आणि खरं सांगू, ती वाट मोठी रमणीय आहे. दुपारी कापसाच्या रानावरून कोमट वारा येतो, मी ‘रूट’, ‘स्टेम’, ‘लीफ’ म्हणते, आणि ते शब्द पोरांच्या डोक्यांवरून म्हातारीच्या पिसांसारखे तरंगत खिडकीबाहेर जातात. पोरं त्यांच्याकडे बघत राहतात. मीही बघते. (तू म्हणायचीस ना, मनीला वर्गात बसवलं तर ती खिडकीच शिकेल.)

आमचे हेडमास्तर विठ्ठलराव यांनी मग नियम काढला, विज्ञानाच्या तासाला बोलायचं तर इंग्रजीत, नाहीतर गप्प बसायचं. पोरांनी सोपं होतं ते निवडलं. आठ दिवस वर्गात अशी शांतता की मला उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडू लागली. एकदा दिसलं, नारायणगडाची जत्रा भरली आहे आणि सगळी जत्रा इंग्रजी बोलते आहे. बांगड्यावाली, रेवड्यावाला, पाळण्यात बसलेली म्हातारी, सगळे फडाफड. एकटी मीच पिशवी धरून उभी, रेवड्या मागायलाही तोंड उघडेना. जागी झाले तेव्हा कळलं की माझी पोरं रोज त्याच जत्रेत उभी असतात. फार वाईट वाटलं, मावशी.

तेवढ्यात पहिल्या बाकावर कुजबुज ऐकू आली. तिथे वाहेदभाई फळवाल्यांची उज्मा बसते (घरी दखनी, रस्त्यावर मराठी, इंग्रजी घडाघडा वाचते, पण मुळं पाणी कशी पितात ते तिच्या गावी नाही). शेजारी आसाराम आणि रुक्मिणीबाईंची सुरेखा. आईबाप ऊसतोडीला जातात, तीही जाते, त्यामुळे तिचं इंग्रजी वर्षातून सहा महिनेच वाढतं. पण मुळांची तिला खडान् खडा माहिती. उज्मा ओळ वाचून तिच्यातल्या शब्दांचे अर्थ सांगत होती, आणि सुरेखा त्या ओळीतली गोष्ट हातवारे करून समजावत होती. मी विचारलं, हे काय चाललंय? सुरेखा म्हणाली, “बाई, आमी कोयता केलाय.”

तुला माहीतच आहे, ऊसतोडीत जोडप्याला मिळून एक कोयता म्हणतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. उज्मा तोडते, सुरेखा मोळी बांधते. मी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाचे वीस कोयते केले. विठ्ठलरावांचा नियम कुठे गेला, कोणालाच आठवेना.

तो आठवला नेमका शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले तेव्हा. त्यांनी सुरेखाला इंग्रजीत प्रश्न विचारला, आणि दोघी उभ्या राहिल्या. उज्मानं प्रश्न मराठीत केला, सुरेखानं उत्तर दिलं, उज्मानं ते इंग्रजीत साहेबांकडे पोहोचवलं. उत्तर बरोबर होतं. साहेब म्हणाले, एकीनंच उत्तर द्यायचं. सुरेखा शांतपणे म्हणाली, “साहेब, अर्धा कोयता कामावर घेत न्हाईत.” विठ्ठलराव छताकडे बघू लागले. साहेबांनी शेरा लिहिला, ‘वर्ग बोलतो.’ ही स्तुती की तक्रार, ते विठ्ठलरावांना अजून उमगलेलं नाही.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जप.

तुझी,
मनी

ता. क. टोळीचा ट्रक परवा निघतो आहे. सुरेखा गेली की उन्हाळ्यापर्यंत यायची नाही, आणि आली की पुन्हा पहिल्या पानापासून. या खेपेला ती परत वर्गात बसेल असं मला वाटत नाही. म्हणून मी रुक्मिणीबाईंना म्हटलं, पोरीला माझ्याकडे ठेवा. त्या म्हणाल्या, “बाई, तुमी एकल्या, पोरगी एकली. घरात मोठं माणूस कुठं हाय?” मी म्हटलं, माझी मावशी येणार आहे, चांगली पाच महिने. हे मी पूर्ण जागी असताना बोलले.

ता. क. २. वर ‘दगदग करू नकोस’ लिहिलं आहे, तेवढं तू खोडून घे. जेवणाचं राहिलंच. काल सुरेखा एका रात्रीपुरती माझ्याकडे मुक्कामाला होती. माझा भात तिनं मुकाट्यानं खाल्ला आणि आज सकाळी माझ्या आधी उठून स्वतःच रांधलं. तेव्हा या घरातही मोळी बांधायला कोणीतरी हवंच.

ता. क. ३. पत्र घेऊन आलेले वाहेदभाई दारातच थांबले असतील, त्यांना चहा दे. टेम्पोत मागे केळी आहेत, पण पुढची सीट रिकामी ठेवायला सांगितली आहे. रुक्मिणीबाई म्हणतात, तुला डोळ्यांनी बघेपर्यंत त्या ट्रकमध्ये पाय ठेवणार नाहीत.