छत्तीस, पण कशाचे?

३ मार्च, सकाळी
कॉलनीच्या जलशुद्धीकरण केंद्राची चावी अखेर माझ्याकडे. एक महिना ट्रायल, जमलं तर कायम. घरात मला विचारतं कोण? आता अख्खी कॉलनी विचारील. हयात पाणीखात्यात गेली. बिल शाखेत, पण पाणी तेच. ही म्हणाली, आधी आपल्या बेसिनचा गळका नळ बघा. दुर्लक्ष केलं.

४ मार्च
पंपघर किळसवाणं. शेवाळ, पाली, खिळ्याला कुणाचं तरी ओशट बनियन. शाळेतल्या कवितांत पाणी कसं खळखळायचं! डोळे मिटले की अजून ऐकू येतं. इथे नुसता मीटर. ३६. पुढे बारीक अक्षरं, वर धूळ. पुसायची शिसारी आली. प्रवाह म्हणजे लिटर दर सेकंदाला, हे आमच्या काळी पोरं पाढ्यासारखं म्हणायची. भिंतीवरच्या क्लोरीनच्या तक्त्यात लिटरच्या रांगेत ३६ पाहिलं, समोर लिहिलेलं तेवढं क्लोरीन सोडलं. कविता सुचतेय.

६ मार्च
कृतघ्न कॉलनी! पाण्याला वास येतो म्हणे. येणारच. शुद्धतेची सवय कुणाला आहे? सूनबाईने चहा बेसिनमध्ये ओतला. म्हणाली, बाबा, हा चहा पोहण्याच्या तलावातला लागतोय. मी मुद्दाम दोन कप प्यायलो. दुपारी मळमळलं. कालची भाजी.

८ मार्च
आंघोळ केल्यावर सगळे खाजवत फिरतात. नाटकी लोक. माझे डोळे चुरचुरतात ते वाचनाने. कहर म्हणजे, ही शेजारच्या कॉलनीतून पिण्याचं पाणी भरून आणते. माझ्याच घरात परक्याचं पाणी! शी!

९ मार्च, सकाळी
अध्यक्षबाई नाकाला रुमाल लावून पंपघरात आल्या. सोबत मेकॅनिक. त्याने मीटरची काच पुसली. घनमीटर दर तासाला. म्हणजे सेकंदाला जेमतेम दहा लिटर. मी साडेतीनपट क्लोरीन ओतत होतो म्हणे. एकाच पाण्याला दोन मापं हवीत कशाला, असं मी सुनावलं. बाई म्हणाल्या, काका, बिलंही अशीच काढायचात का?
अशा माणसांत कविता होत नाही.

९ मार्च, संध्याकाळी
चावी परत केली. कारण लिहून दिलं, प्रकृती. हिने वाचून विचारलं, कुणाची?
मी पाणी मागितलं. तिने शेजारच्या पाण्याचा पेला पुढे केला.
गोड लागलं. हे कुठेही बोलणार नाही.