शाळेच्या तारखेनं मिळालेलं पदक

मी, देवश्री भास्कर उमरेडकर, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, धंदा नोकरी, अविवाहित, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करावं हे आज स्वतःच्या हातानं लिहून ठेवते आहे. यासाठी कुणी मला भाग पाडलेलं नाही. घरात तर सगळे लिहू नको असंच म्हणतात.

वकीलबाईंनी दिलेल्या मृत्युपत्राच्या नमुन्यात नावापुढे वय लिहायची जागा आहे. ती मी मोकळी सोडली आहे. त्या म्हणाल्या, अठरा पूर्ण असली की पुरे. माझी अठरा दोन्ही तारखांनी केव्हाच पूर्ण झाली आहेत. तारखा दोन का, ते पुढे येईल.

माझं डोकं ठिकाणावर आहे. उजव्या कानाच्या मागे एका नसेवर गाठ आहे आणि ती काढायला गुरुवारी, १२ जानेवारीला, नागपूरला ऑपरेशन आहे. गाठ विचार करण्याच्या जागेत नाही, हे डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं. मी त्यांना तेच तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर ते म्हणाले, "बहुतेक सगळे पेशंट नीट घरी जातात." मी 'बहुतेक' हा शब्द धरून बसले आहे.

१. मी राहते ते घर बाबांचं आहे. त्यावर माझा हक्क नाही आणि मी तो सांगतही नाही. बँकेत माझ्या नावावर जे असेल ते बाबांचं. वारस म्हणून त्यांचं नाव आधीच लावलेलं आहे, तरी इथं पुन्हा लिहिते, कारण बँकेनं लावलेलं नाव खरंच लागलं का हे मी पाहून आलेले नाही.

२. स्कूटी कांताबाईंना द्यावी. त्या नऊ वर्षं आमच्याकडे स्वयंपाक करतात आणि रोज चालत येतात. मी हे त्यांना आधीच विचारलं. त्या म्हणाल्या, "हव, पण मले चालवता कुठं येते?" चालवता येत नसेल तर त्यांनी ती विकावी, आणि विकल्याबद्दल बाबांनी त्यांना एक शब्द बोलू नये.

३. आईची वही बाबांनी ठेवावी. माझी दिवंगत आई, पद्मिनी, हिनंच मला पाचवीपर्यंत घरी शिकवलं. बाबा रेल्वेत होते आणि आम्ही डोंगरगडच्या पुढे एका लहान स्टेशनच्या क्वार्टरमध्ये राहायचो. जवळ शाळा नव्हती. आई भाकरी करता करता पाढे म्हणवून घ्यायची आणि चुकलं की भाकरी उलटायची थांबायची. भाकरी करपली तर तो माझा दोष असायचा. मी आजही एक कागद चारदा तपासते, ते तिथूनच आलं असावं.

वहीच्या पहिल्या पानावर तिनं माझा जन्म लिहिला आहे: २० फेब्रुवारी १९९२, सकाळी सहा दहा. बाबांनी ते पान फाडू नये.

आता दुसरी तारीख. आम्ही रायपूरला आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि मला एकदम पाचवीत घालायचं होतं. जन्मदाखला नव्हता, आधीच्या शाळेचा दाखला नव्हता. शाळेच्या बाबूंनी सांगितलं की पाचवीला दहा वर्षं हवीत, अकरा लिहिली तर वरचे लोक विचारतील इतके दिवस पोरगी कुठे होती. मग त्यांनीच १ जुलै १९९३ लिहून टाकलं. शाळा त्या दिवशी उघडते म्हणून एक जुलै. आई म्हणाली, "खरं लिहा ना." बाबांनी सही केली. मी टेबलाला टेकून उभी होते.

त्यानंतर मला दोन वाढदिवस आले. फेब्रुवारीत घरचा, त्याला शिरा असायचा. जुलैत शाळेचा, त्याला टॉफ्या. मला वाटायचं, सगळ्यांचंच असं असतं.

४. माझ्याकडे एक पदक आहे. शालेय राष्ट्रीय स्पर्धेत सतरा वर्षांखालील मुलींच्या आठशे मीटरला मी तिसरी आले, त्याचं. ते बाबांनी बैठकीत टीव्हीच्या वर टांगलं आहे. पाहुणा आला की बाबा आधी त्याच्याकडे बघतात आणि मग पाहुण्याकडे.

त्या स्पर्धेला जाण्याआधी, नोव्हेंबर २००९ मध्ये, इथं रायपूरला राज्याची निवड झाली. आठशे मीटरला राज्यातून एकच मुलगी जाणार होती. मी पहिली आले. माझ्याच वर्गातली कौमुदी ठोंबरे दुसरी आली, अगदी हातभर मागं. नियम असा होता की त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण झालेली नसावीत. शाळेच्या तारखेनं मी सोळाची होते. घरच्या तारखेनं फेब्रुवारीतच माझी सतरा पूर्ण झाली होती.

हे मला तेव्हा कळलेलं होतं. हे वाक्य मी तीन कागदांवर लिहून पाहिलं आणि दरवेळी खोडलं, म्हणून आता शाईनं लिहिते. फॉर्म भरताना मी बाबांना विचारलं, "बाबा, खरी कोणती लिहू?"

"सरकारी कामात सरकारी तारीख," बाबा म्हणाले. "काहून डोकं लावून राहिली? धाव फक्त."

आमचे क्रीडाशिक्षक बाबाराव सर शेजारीच होते. ते म्हणाले, "उमरेडकरसाहेब, पोट्टी लय विचार करते. विचारानं पाय जड होतात." दोघं हसले. मी सही केली. मग वय तपासायला एका डॉक्टरनं आमचे दात बघितले आणि पुढे जा म्हणाला.

बाबाराव सर आता नाहीत. त्यांना मी माफ केलं असं लिहिणार नाही, कारण ते मी अजून केलेलं नाही. बाबांना केलं आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही. स्वतःबद्दल लिहायला या नमुन्यात जागा नाही.

कौमुदीनं त्यानंतर धावणं सोडलं. "दुसरी आली, पुरे झालं," असं तिच्या घरचे म्हणाले. ब्राह्मणपाऱ्यात तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. गेली दहा वर्षं मी माझे कागद दुसरीकडे झेरॉक्स करते.

माझी नोकरी मात्र परीक्षा देऊन मिळालेली आहे, पदकावर नाही. नव्या रायपूरच्या ऑफिसात पदकाबद्दल कुणाला माहीतही नाही. हे लिहिणं मला जरूर वाटलं.

आता मुख्य गोष्ट. शाळेनं २९ जानेवारीला एक सोहळा ठेवला आहे. शाळेतून निघालेल्या उत्कृष्ट खेळाडूंचा त्यात सन्मान होणार, आणि त्यांची नावं दगडी फलकावर कोरून फाटकाजवळ लावणार. सहा नावांत तिसरं माझं आहे. पत्र आलं त्याच दिवशी मी शाळेत गेले आणि मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बेटा, पत्थर पर नाम खुद चुका है। और तारीख की बात मत छेड़ो, फिर तो आधे स्कूल की तारीख देखनी पड़ेगी।" माझं नाव काढावं असा अर्ज मी ठेवून आले. त्यांनी तो मला परत पाठवला, शाल आणि नारळाच्या आमंत्रणासोबत.

मग मी खेळांच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसानं कपाट उघडून खरंच शोधलं, त्याला मी दोष देत नाही. म्हणाला, "दीदी, मेडल लेने का फॉर्म है। लौटाने का फॉर्म कभी बना ही नहीं।"

बाबांना सांगितलं की मी सोहळ्याला जाणार नाही. ते म्हणाले, "काहून? मी सूट शिवाले टाकला." मी कारण सांगितलं. त्यांनी टीव्हीच्या वरच्या पदकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुह्या आईले त्या दिवशी वाईट वाटलं होतं. मलेही वाटलं. पण पोट्टी शाळेत गेली ना?" मी गेले होते, हे खरं आहे.

म्हणून मी असं लिहिते: मी गुरुवारनंतर नसले, तर तो सन्मान बाबांनी माझ्या वतीनं घेऊ नये. हे पत्र मुख्याध्यापिकांना वाचायला द्यावं. वाचल्यावर लोक बाबांकडे कसे बघतील हे मला माहीत आहे आणि त्यासाठी मी त्यांचे पाय धरते, पण कलम बदलत नाही. पदक कौमुदी ठोंबरे हिला द्यावं, कारण राज्यातून जाण्याचा हक्क तिचा होता.

५. वर लिहायचं राहिलेलं सगळं, म्हणजे कपडे, पुस्तकं, स्पाइकचे बूट, बाबांना वाटेल त्यांना द्यावं.

इथपर्यंत सकाळी लिहून झालं. आता दुपारचे साडेतीन वाजले आहेत आणि मला पुढे लिहावं लागतं आहे.

दोन साक्षीदार ठरले होते. शेजारच्या प्रेमलाकाकू एक वाजल्यापासून चष्मा लावून बसल्या आहेत. दुसरी माझ्या ऑफिसातली मैत्रीण. तिची नव्या रायपूरहून निघणारी बस चुकली आणि पुढची बस कधी, हे तिथं कुणालाच सांगता येईना. बाबा शिंप्याकडे गेले आहेत. कौमुदीला मी वेगळ्या कारणासाठी बोलावलं होतं, चौथं कलम तिला आधी दाखवायला. तिला न विचारता तिच्यावर काही टाकणं मला बरोबर वाटेना.

ती दुकानाला कुलूप लावून आली. मला बघून म्हणाली, "काहून वो, मरायची घाई झाली काय तुले? दहा वर्षं तोंड दाखवलं नाही आन् आता मृत्युपत्र दाखवते."

मी कागद तिच्या हातात दिला. तिनं चौथं कलम वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग ती हसायला लागली. मला वाटलं रागानं हसते आहे, पण तसं नव्हतं.

"एक जुलै," ती म्हणाली. "माही कोणती होती, आठवते?"

मला आठवत नव्हती.

"एक जुलैच. आपल्या वर्गात एक जुलैवाल्या अकरा पोट्ट्या होत्या. तुले काय वाटलं, अकरा बायका एकाच दिवशी बाळंत झाल्या?"

प्रेमलाकाकू म्हणाल्या, "माझ्याही दोन्ही पोरांची तीच आहे." आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

कौमुदीनं सांगितलं की तिचा जन्म १९९१ च्या दिवाळीतला. म्हणजे ती माझ्याहून मोठी. त्या शर्यतीच्या दिवशी तिची अठरा पूर्ण होऊन आठवडा झाला होता. "अठराची घोडी सतराच्या पोट्टीकडून हरली," ती म्हणाली, "हे कोणाले सांगू? माह्या नावानं काही ठेवू नको. माहं नाही ते."

मी म्हटलं, मग मी काय करू. ती म्हणाली, "मले काय माहीत?" हे ती चिडून बोलली नाही. तिला खरंच माहीत नव्हतं.

वकीलबाईंनी मला बजावलं होतं की पत्रातून ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, पुढे वाद होतात. दुसरा साक्षीदार नव्हता म्हणून हे मी मोठ्यानं बोलले. कौमुदीनं ते ऐकलं आणि माझ्या हातातलं पेन मागितलं. "ज्याले काही भेटत नाही त्यानं सही करायची ना? मग दे इकडे. मी करते."

तिच्यासमोर मी चौथ्या कलमातलं शेवटचं वाक्य खोडलं आणि खोडलेल्या जागी माझी सही केली. बाकीचं कलम, सन्मानाबद्दलचं, तसंच कायम आहे. मग तिसरी कोण आली होती, हे खेळांच्या कचेरीला फोन करून विचारलं. तेव्हाच्या निवडीचे कागद नवीन इमारतीत सामान हलवताना कुठे गेले ते त्यांना ठाऊक नाही.

तेव्हा चौथं कलम पदकापुरतं पुढीलप्रमाणे वाचावं.

त्या निवडीत तिसरी आलेली एक मुलगी होती. महासमुंदकडची होती एवढं आम्हा दोघींना आठवतं. हिरवी बनियन होती. शर्यत संपल्यावर ती मैदानातच बसली आणि तिनं कौमुदीकडे पाणी मागितलं, आणि कौमुदीनं दिलं. तिचं नाव आम्हा दोघींनाही माहीत नाही. माझं तिला माहीत असेल, त्या दिवशी माइकवरून ते पुष्कळदा पुकारलं होतं.

ती कधी कुणाला सापडली तर पदक तिला द्यावं. देताना तिची जन्मतारीख विचारू नये.

वरचं सगळं मी वाचून पाहिलं, खाडाखोड माझीच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं.

सही: देवश्री भास्कर उमरेडकर

साक्षीदार
१. प्रेमला देवदत्त हिंगणघाटे, चौबे कॉलोनी, रायपूर
२. कौमुदी ठोंबरे, ब्राह्मणपारा, रायपूर. मला या पत्रानं काही मिळत नाही.

ठिकाण: रायपूर, छत्तीसगड
तारीख: ९ जानेवारी २०२३